लेमा नावाचा आडत्या: प्रूफ थिअरीत खरं मॅथ कुठं आहे

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे की नांदेडला एमएससी करायलोय, लॉजिकच्या पेपरात प्रूफ थिअरीचं युनिट आहे, ट्रुथ टेबलनं (खरं-खोटंच्या सगळ्या शक्यता मांडलेल्या तक्त्यानं) काम भागतं, आणि गोडेलनं १९३१ लाच सगळं संपवलं असं वर्गात ऐकलं, मग प्रूफचाच परत अभ्यास कशाला, ह्यात खरं मॅथ आहे का नुसती फिलॉसॉफी. मी हे वीसेक वर्षं शिकवायलोय आणि दरवर्षी एक तरी पोरगं हेच विचारतं, म्हणून जरा बैजवार लिहितो, चहा घेऊन बस.

आधी ट्रुथ टेबलचा निकाल लावून टाकू. तीन व्हेरिएबल असले की आठ ओळी, ठीक आहे. तीस झाले की १०७ कोटी ओळी, तिथंच वही संपली. आणि "प्रत्येक" आणि "असा एक तरी" हे शब्द आले की टेबल नावाची गोष्टच राहत नाही, १९३६ मध्ये चर्च आणि ट्युरिंग ह्या दोघांनी वेगवेगळ्या वाटेनं दाखवलं की तिथं खरंखोटं ठरवणारी कुठली यांत्रिक पद्धत असूच शकत नाही. मग हातात राहतं काय, तर प्रूफ.

आणि प्रूफ म्हणजे काय हे जरा वेगळ्या नजरेनं बघ. आपण बीएससीला प्रूफ "समजून घेतो", पाठ करतो, पेपरात ओकतो. प्रूफ थिअरीवाला त्याच्याकडं वस्तू म्हणून बघतो. वर अ‍ॅक्सिअम, खाली थिअरम, मधे प्रत्येक ठिकाणी एकेक नियम लावलेला, असं एक झाड. त्याला उंची आहे, आकार आहे, फांद्या मोजता येतात, एक फांदी कापून दुसरीकडं कलम करता येते, आणि मुख्य म्हणजे त्याच्यावर इंडक्शन करता येतं. ग्राफवर जसं इंडक्शन करतोस तसंच. एकदा हे डोक्यात बसलं की फिलॉसॉफीचं भूत उतरतं.

आता ह्या झाडातला सगळ्यात महत्त्वाचा नियम सांगतो, त्याचं नाव कट. बाकी सगळं युनिट विसरलास तरी चालेल, हा विसरू नको.

मी परभणीकडचा. लहानपणी वडिलांबरोबर सोयाबीन घेऊन मोंढ्यात जायचो. शेतकरी माल आणतो, आडत्याच्या दुकानापुढं ढीग लागतो, खरेदीदार येतो, भाव ठरतो, हमाली तोलाई वजा होऊन पट्टी हातात पडते. त्या सोयाबीनचं तेल निघून पुढं कोणाच्या तरी कढईत गेलं, त्याला आडत्या कोण होता हे माहीत नसतं. मधला माणूस मधेच राहिला. कटचा नियम तंतोतंत असा आहे: अ पासून ल निघतो, ल पासून ब निघतो, म्हणून अ पासून ब निघतो. खालच्या ओळीत ल कुठंच दिसत नाही. हा ल म्हणजे आपला रोजचा लेमा, मोठ्या थिअरमकडं जाताना मधे सिद्ध करून ठेवलेलं विधान. गणितात लेम्याशिवाय पान हलत नाही, पण शेवटच्या थिअरमच्या तोंडावर त्याचा मागमूस नसतो.

गेरहार्ड गेंटझेन नावाच्या जर्मन पोरानं (पंचविशीतलाच होता) १९३४-३५ मध्ये छापलेल्या प्रबंधात सिद्ध केलं की आडत्याला काढता येतं. म्हणजे कट वापरून केलेलं शुद्ध लॉजिकमधलं कुठलंही प्रूफ घ्या, त्याच्यावर ठराविक शस्त्रक्रिया करत गेलात की त्याच थिअरमचं, एकही कट नसलेलं प्रूफ मिळतं. ह्यालाच कट-एलिमिनेशन म्हणतात, त्यानं स्वतः नुसतं "मुख्य थिअरम" म्हटलं होतं आणि ते बरोबरच होतं.

काढून फायदा काय? कट सोडून बाकी सगळ्या नियमांची एक खोड आहे, नियम खालून वर वाचला तर वरचे सगळे फॉर्म्युले खालच्या फॉर्म्युल्यांचेच तुकडे असतात. बाहेरून कोणी घुसत नाही. बाहेरचा माणूस आणायची सोय फक्त कटमधेच. आता कन्सिस्टन्सी, म्हणजे आतून विरोधाभास निघत नाही ही खात्री, बघ कशी फुकटात पडते. विरोधाभास निघाला तर "काहीही गृहीत न धरता काहीही नाही" असा रिकामा सीक्वेंट (सीक्वेंट म्हणजे बाणाच्या डावीकडं गृहीतकं, उजवीकडं निष्कर्ष अशी प्रूफमधली एक ओळ) सिद्ध झाला असता, बाणाच्या डावीकडं कोणी नाही, उजवीकडं कोणी नाही. त्याच्या प्रूफमधे शेवटचा नियम कुठला होता? कट सोडून प्रत्येक नियम खालच्या ओळीत काही तरी ठेवतोच, अ‍ॅक्सिअममधे पण फॉर्म्युला असतोच. म्हणजे शेवटचा नियम कटच असणार. पण कट तर आपण काढू शकतो. संपलं. शुद्ध लॉजिकची कन्सिस्टन्सी, चार ओळींत, आणि "सत्य" हा शब्द एकदाही न वापरता.

आता शस्त्रक्रिया कशी होते ती एक केस जवळून बघ. समज लेमा आहे "क आणि ड". डाव्या बाजूनं तो कसा तयार झाला असेल, तर क चं एक प्रूफ, ड चं एक प्रूफ, दोन्ही जोडून. उजव्या बाजूनं तो वापरला कसा, समज त्यातला फक्त क वापरला. मग ड चं अख्खं प्रूफ फेकून दे, आणि कट "क आणि ड" वर न करता थेट क वर कर. कट गेला नाही, पण लेमा लहान झाला. असं करत करत लेमा अ‍ॅटॉमिक (आणखी तुकडे न होणारा) होतो आणि मग अ‍ॅक्सिअममधे विरून जातो. सोपं वाटलं ना?

मला पण वाटलं होतं. पहिल्यांदा एका सेमिनारला हे फळ्यावर मांडलं, लेम्याच्या साइजवर इंडक्शन, पाच मिनिटांत डब्यात माल भरला, आणि मागच्या बाकावरनं एकानं शांतपणे विचारलं, "सर, लेमा दोनदा वापरला असला तर?" खडू हातात तसाच राहिला. कारण तिथंच सगळी मेख आहे. उजवीकडं ल दोनदा लागत असेल आणि मधे कॉन्ट्रॅक्शन नावाच्या नियमानं दोन ल चा एक केला असेल, तर आडत्याला काढायचं म्हणजे डावीकडचं अख्खं प्रूफ दोनदा कॉपी करावं लागतं. लेमा लहान झाला नाही आणि प्रूफ मात्र फुगलं. म्हणून इंडक्शन दुहेरी लागतं, आधी लेम्याच्या रँकवर (म्हणजे तो किती गुंतागुंतीचा आहे त्या आकड्यावर) आणि मग आत झाडाच्या उंचीवर, आणि गेंटझेननं ही भानगड मिटवायला कटचा "मिक्स" नावाचा भाऊ वापरला, जो ल च्या सगळ्या कॉप्या एकाच झटक्यात खातो. पुस्तकातली ही दोन पानं सगळे जण उडवतात. तू उडवू नको.

आणि खरं मॅथ इथनं पुढं आहे. आडत्या काढता येतो, मान्य. पण किती महागात पडतं? मोंढा बंद केला आणि प्रत्येक शेतकऱ्यानं प्रत्येक घरी जाऊन पायली पायली सोयाबीन विकायचं ठरवलं तर काय होईल तेच इथं होतं. रँक एकानं कमी करायला प्रूफची साइज एकदा घातांकावर चढू शकते. रँक पाच असला तर पाच वेळा. २, ४, १६, ६५,५३६, आणि त्याच्या पुढची संख्या १९,७२९ अंकी. आणि हे आपल्या पद्धतीचं अडाणीपण नाही बरं का, १९७९ मध्ये स्टॅटमन आणि ओरेव्हकोव ह्यांनी दाखवलं की काही थिअरम असे आहेत की कटसकट प्रूफ छोटं, पण कटशिवायचं कुठलंही प्रूफ असल्या मनोऱ्याएवढं मोठं असणारच. म्हणजे लेमा ही आपली सवय नाही, त्याची किंमत मोजून दाखवता येते. माझ्या मते अख्खी प्रूफ थिअरी म्हणजे ह्या मधल्या माणसाच्या दराचं शास्त्र आहे, आणि ह्या एका दोऱ्यात सगळं युनिट ओवता येतं.

आता गोडेल. हिल्बर्ट ह्या जर्मन गणितज्ञाचं म्हणणं होतं की अंकगणिताची कन्सिस्टन्सी अगदी साध्या, बोटं मोजून तपासता येतील असल्या पद्धतींनी सिद्ध करा. गोडेलनं दाखवलं की अंकगणित स्वतःची कन्सिस्टन्सी स्वतःच्या जोरावर सिद्ध करू शकत नाही, मग त्याहून साध्या पद्धतींची काय कथा. इथं लोक पुस्तक मिटवतात. गेंटझेननं मिटवलं नाही. त्यानं विचारलं, अंकगणितातून आडत्या काढायला गेलो तर नेमकं अडतं कुठं? अडतं इंडक्शनच्या नियमावर. आणि मग पुढचा प्रश्न, जास्तीचं नेमकं किती लागतं? १९३६ मध्ये त्यानं उत्तर छापलं: एप्सिलॉन-शून्य एवढं.

हे नाव ऐकून घाबरू नको, तो एक ऑर्डिनल आहे, म्हणजे अनंताच्या पुढंही मोजत जाणाऱ्या संख्यांपैकी एक. ऑर्डिनल म्हणजे नोटा समज. सुटा रुपया म्हणजे १. ओमेगा ही एक विचित्र नोट, ती मोडली की सुटे कितीही घ्या, दहा घ्या नाही तर दहा कोटी, पण मोडताना आकडा सांगायचा आणि नोट परत मिळणार नाही. ओमेगा वर्गाची नोट मोडली की ओमेगाच्या नोटा हव्या तेवढ्या. त्याच्या वर ओमेगाचा ओमेगावा घात, त्याच्या वर आणखी मनोरा, आणि ह्या सगळ्या मनोऱ्यांच्या टोकाला जे उभं आहे ते एप्सिलॉन-शून्य. नियम एकच, दर वेळी काही तरी खर्च करायचंच. तर कितीही मोठी नोट घेऊन निघालास तरी कधी ना कधी खिसा रिकामा होणार. हे वाक्य म्हणजे एप्सिलॉन-शून्यपर्यंतचं ट्रान्सफायनाइट इंडक्शन.

अंकगणिताशी ह्याचा संबंध कसा लागतो ते आजकाल शुट्टे नावाच्या लॉजिकवाल्याच्या पद्धतीनं शिकवतात, ती मला जास्त आवडते. "प्रत्येक न साठी" सिद्ध करायचं तर ०, १, २, ३ प्रत्येकासाठी वेगळी फांदी काढायची, अनंत फांद्या, मग झाडाची उंची आकड्यात मावत नाही, ऑर्डिनल लागतो. पण इंडक्शनचा नियम वेगळा ठेवायची गरजच राहत नाही, तो साध्या कटांची साखळी होऊन जातो. अंकगणितातलं कुठलंही प्रूफ ह्या झाडात बसवलं की उंची ओमेगा अधिक ओमेगाच्या आत आणि कटचा रँक ठराविक फायनाइट. आता रँक एकानं उतरवला की उंची ओमेगाच्या घातांकावर चढते, वर २ च्या घातांकावर चढत होती तसंच. रँक सात तर मनोरा सात मजली. कुठलंही एक प्रूफ घे, मनोरा फायनाइट मजल्यांचा, पण सगळी प्रूफं मिळून मजल्यांना मर्यादा नाही, म्हणून टोक एप्सिलॉन-शून्य. बघ, आकाशातनं पडलेला आकडा नाही तो, आडत्याचा दर आहे.

आणि ह्याच्यावर नेहमीचा टोमणा असा की कन्सिस्टन्सी सिद्ध करायला त्याहून मोठी तोफ वापरली, त्यात काय मोठं. हे चूक आहे. गेंटझेननं जे वापरलं त्यात एक ते नोटांचं वाक्य सोडलं तर बाकी सगळं अगदी किरकोळ अंकगणित आहे, आणि ते वाक्यसुद्धा साध्या, "प्रत्येक" आणि "असा एक तरी" नसलेल्या फॉर्म्युल्यांपुरतंच. अंकगणितातलं पूर्ण इंडक्शन त्याच्याकडं नाहीच. एका अंगानं जास्त, दुसऱ्या अंगानं कमी. आणि १९४३ मध्ये त्यानंच उलट बाजूही सिद्ध केली, एप्सिलॉन-शून्यच्या खालच्या प्रत्येक ऑर्डिनलपर्यंतचं इंडक्शन अंकगणित स्वतः सिद्ध करतं, नेमकं एप्सिलॉन-शून्यचं नाही. काट्यावर तोलल्यासारखं. (हा माणूस नाझी पक्षाचा सभासद होता, ऑगस्ट १९४५ मध्ये प्रागच्या तुरुंगात उपासमारीनं मेला. गणित शिकवताना हे पण मी सांगतो, लपवत नाही.)

हे सगळं नुसतं लॉजिकवाल्यांचं घरगुती भांडण वाटत असेल तर गुडस्टाइनचा खेळ कर. ४ घे. ४ म्हणजे २ चा २ रा घात. आता जिथं जिथं २ आहे, घातांकातसुद्धा, तिथं ३ लिही आणि एक वजा कर: ३ चा ३ रा घात २७, वजा एक २६. आता २६ म्हणजे २×३² + २×३ + २, तीनाच्या जागी चार, वजा एक, ४१. मग चाराच्या जागी पाच, वजा एक, ६०. मग ८३, १०९, १३९. वाढतच चाललंय ना? गुडस्टाइननं १९४४ मध्ये सिद्ध केलं की कुठल्याही संख्येपासून निघालात तरी शेवटी शून्यच येतं. ३ पासून निघालास तर ३, ३, ३, २, १, ० असं लगेच आटपतं. ४ पासून निघालास तर किती पायऱ्या लागतात, त्या आकड्यातच १२ कोटींहून जास्त अंक आहेत.

खाली का येतं ते नोटांत बघ. बेसच्या, म्हणजे २, ३, ४ असा बदलत जाणाऱ्या आकड्याच्या, जागी ओमेगा ठेव. ४ म्हणजे ओमेगाच्या ओमेगाव्या घाताची एक नोट. २६ ला ती मोडली, ओमेगा वर्गाच्या दोन, ओमेगाच्या दोन, सुटे दोन. ४१ ला सुटा एक. ६० ला सुटे शून्य. आता एक वजा करायला सुटेच नाहीत, म्हणून ८३ ला ओमेगाची एक नोट मोडली, हातात पाच सुटे. १०९ ला चार. वर आकडा फुगतोय आणि खिसा मात्र दर पायरीला हलका होतोय. प्रूफ एवढंच. पण हे प्रूफ एप्सिलॉन-शून्यचं वाक्य पूर्ण वापरतं, आणि १९८२ मध्ये कर्बी आणि पॅरिस ह्यांनी दाखवलं की ते टाळता येणारच नाही, पिआनोच्या अंकगणितात (वर नुसतं अंकगणित म्हटलं ते हेच) हा थिअरम सिद्धच होत नाही. शाळेतल्या पोराला समजेल असं वाक्य, खरं आहे, आणि अंकगणिताच्या आवाक्याबाहेर. गोडेलचं वाक्य स्वतःबद्दलच बोलणारं, कोड्यासारखं, तसं हे नाही.

बाकीच्या शाखा भराभर सांगतो, कारण दोरा तोच आहे.

रिव्हर्स मॅथेमॅटिक्स, म्हणजे कुठल्या थिअरमला नेमकी किती ताकदीची सिस्टिम लागते ते मोजणं: तू बीएससीला हाइने-बोरेल आणि बोल्झानो-वायरस्ट्रास एकाच चॅप्टरात शिकलास, आम्ही पण तसंच शिकवतो, लागोपाठच्या तासांना. फ्रीडमन आणि सिम्प्सन ह्यांच्या हिशोबानं दोघांचा दर फार वेगळा आहे. बोल्झानो-वायरस्ट्रासला जी सिस्टिम लागते तिची ताकद पिआनो अंकगणिताएवढी, म्हणजे दर एप्सिलॉन-शून्य. हाइने-बोरेलचं हिल्बर्टला चालल्या असत्या तसल्या साध्या पद्धतींएवढ्याच ताकदीच्या सिस्टिममधे भागतं. म्हणजे हिल्बर्टचं स्वप्न पूर्ण मोडलं असं म्हणणाऱ्यांना विचार की मग हाइने-बोरेल कुठल्या खात्यात टाकायचं.

प्रूफ मायनिंग: आडत्या काढला की आत दडलेले आकडे बाहेर पडतात, ही कल्पना क्रायझेलची, १९५० च्या दशकातली. युक्लिडच्या प्राइमच्या प्रूफमधे आकडा उघडाच आहे, न च्या पुढचा प्राइम न फॅक्टोरियल अधिक १ च्या आत सापडतोच. पण मोनोटोन बाउंडेड सीक्वेन्स कन्व्हर्ज होतो, त्यात रेट किती? १९४९ मध्ये स्पेकरनं असा सीक्वेन्स दाखवला की पदं कॉम्प्युटरला काढता येतात पण लिमिट कॉम्प्युट होतच नाही. तरी प्रूफ पिळलं तर जरा कमजोर विधानाला आकडा मिळतो: हवा तेवढा लांब पण फायनाइट असा एक पट्टा की ज्यात सीक्वेन्स जवळजवळ स्थिर आहे, आणि तो पट्टा किती आत सापडेल ते सांगता येतं. कोलेनबाखनं ह्याचं अ‍ॅनालिसिसमधे अख्खं दुकान उभं केलं. नॉनलिनिअर अ‍ॅनालिसिसमधे पीएचडी करायचा विचार असेल तर हे बघून ठेव, आपल्याकडं फिक्स्ड पॉइंटवर पेपर काढणारे ढिगानं आहेत, प्रूफमधला रेट बाहेर काढणारा हाताच्या बोटावर.

करी-हॉवर्ड, म्हणजे प्रूफ आणि प्रोग्राम ह्यांची जोडी: लेमा म्हणजे फंक्शन, कट म्हणजे ते फंक्शन कॉल करणं, आणि कट काढणं म्हणजे प्रोग्राम रन करणं. कोक (आता त्याचं नाव रॉक) आणि लीन ह्या प्रूफ असिस्टंटांच्या, म्हणजे प्रूफ तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, मुळाशी हेच आहे, फोर कलर थिअरमचं (कुठलाही नकाशा रंगवायला चार रंग पुरतात) प्रूफ गाँथिएनं २००५ मध्ये कोकमधे तपासून घेतलं ते ह्याच जोरावर.

प्रूफ कॉम्प्लेक्सिटी, म्हणजे प्रूफ कमीत कमी किती मोठं लागतं ते बघणं: हॉस्टेलला दहा खोल्या, अकरा पोरं, एका खोलीत एकच, हे जमत नाही, शेंबडं पोरगं पण सांगेल. पण रेझोल्यूशन नावाच्या साध्या पद्धतीत हे सिद्ध करायला, खोल्या वाढवत गेलास की, एक्स्पोनेन्शिअल साइजचं प्रूफ लागतंच, हे हेकननं १९८५ मध्ये दाखवलं. नेहमीच्या पाठ्यपुस्तकी पद्धतीत, जिथं मोठे लेमे करता येतात, तिथं पॉलिनॉमिअल साइजमधे भागतं, हे सॅम बस ह्यानं १९८७ मध्ये दाखवलं. परत तेच, आडत्या असला की स्वस्त.

पेपरपुरतं म्हणशील तर एक काम कर. "क किंवा ड" हा लेमा घे, डावीकडं तो क वरनं आलाय, उजवीकडं क धरून एकदा आणि ड धरून एकदा ब निघालाय. कट काढ, कुठली फांदी फेकली ते लिही. मग तोच लेमा उजवीकडं कॉन्ट्रॅक्शननं दोनदा वापरलाय असं कर आणि परत काढ, झाडाच्या ओळी आधी किती होत्या आणि नंतर किती झाल्या ते मोज. तिसऱ्यांदा चार वेळा वापरलेला घे. तीन आकडे मिळाले की मला सांग, आणि नाही जमलं तर कुठल्या ओळीवर अडलं ते सांग, नुसतं "समजलं नाही सर" म्हणून पाठवू नको.